पिकल्या वयांतील रग्बी

खेळ हें पोरवयाचें काम, आणि तें वय सरलें म्हणजे बॅट-चेंडू मुलाच्या हातीं देऊन आपण आरामखुर्चींत बसावें, ही समजूत आपल्या मध्यम वर्गांत इतकी रुजलेली आहे कीं, चाळिशी उलटलेला गृहस्थ मैदानावर धांवतांना दिसला तर लोक त्याच्या प्रकृतीची नव्हे, बुद्धीची चौकशी करतात. बुद्धिबळें, पत्ते, फार तर सकाळचें फिरणें, एवढ्यावर आपल्याकडील प्रौढांची क्रीडा आटोपते. अशा स्थितींत, साठी-सत्तरी गांठलेले आणि क्वचित् ऐंशीही ओलांडलेले वृद्ध रग्बीसारखा आडदांड खेळ खेळतात, एकमेकांच्या अंगावर धांवून जातात, चिखलांत लोळतात, आणि सामना संपल्यावर जिंकलें कोण याची फारशी वास्तपुस्तही करीत नाहींत, असें कोणीं सांगितलें तर ती थट्टाच वाटावयाची. परंतु ही गोष्ट थट्टेची नाहीं. तिला चांगला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचीं मुळें शोधूं गेल्यास तीं थोडीं आपल्या कलकत्त्यापर्यंत येऊन पोंचतात.

१९४८ सालचा जपान म्हणजे हरलेला, जळलेला आणि भुकेला देश. तीनच वर्षांपूर्वीं, १९४५ च्या मार्च महिन्यांत, अमेरिकन विमानांच्या अग्निवर्षावानें टोकियोचा फार मोठा भाग एका रात्रींत बेचिराख झाला होता. देशावर परकी लष्कराचा अंमल होता. अन्न मोजून मिळे आणि तेंही पुरेसें मिळत नसे. अशा वर्षीं त्या शहरांतील कांहीं गृहस्थांनीं चाळीस वर्षांवरील माणसांसाठीं रग्बीचा एक क्लब काढला व त्याला नांव दिलें 'फुवाकू'. आपल्या आयुष्याचे टप्पे सांगतांना कन्फ्यूशियसनें चाळिसाव्या वर्षीं आपण संशयमुक्त झाल्याचें म्हटलें आहे. तेव्हांपासून 'भ्रम नाहीं' या अर्थाचा हा शब्द जपानी भाषेंत चाळिशीचा पर्यायच होऊन बसला. घरीं पुरेसा तांदूळ नसतां लंबगोल चेंडूच्या मागें धांवणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसानें स्वतःस भ्रममुक्त म्हणवून घ्यावें, यांतील विनोद त्या संस्थापकांच्या ध्यानीं आला नसेल असें मानण्याचें कारण नाहीं. कारण पुढें कान्साई प्रांतांतील मंडळींनीं असाच क्लब काढला तेव्हां त्यांनीं त्याचें नांव ठेवलें 'वाकुवाकू', म्हणजे भ्रमच भ्रम. आणि क्यूशू बेटावरील मंडळींनीं तर याच्याही पुढें जाऊन 'मेइवाकू' हें नांव घेतलें. या शब्दाचा जपानी व्यवहारांतील अर्थ 'दुसऱ्यास होणारा उपद्रव' असा आहे. तिन्ही नांवांत भ्रमाचें तेंच एक अक्षर असल्यामुळें या तीन क्लबांच्या मेळाव्यास 'तीन वाकूंचा मेळा' असें म्हणूं लागले. या मंडळींच्या घरच्या माणसांस विचारलें असतें तर त्यांनीं बहुधा तिसऱ्या नांवाच्या बाजूनें कौल दिला असता.

रग्बी हा खेळ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रत्येक पक्षाचे पंधरा गडी. चेंडू हातांत घेऊन पळावयाचा, पण सोबत्याकडे फेंकावयाचा तो नेहमीं मागें किंवा बाजूला, पुढें नव्हे. आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला प्रतिपक्षानें कंबरेस किंवा पायांस मिठी मारून जमिनीवर पाडावयाचें. याशिवाय 'स्क्रम' म्हणून एक प्रकार आहे, त्यांत दोन्ही बाजूंचे आठ आठ दांडगे गडी खांद्यास खांदा भिडवून, माना खालीं घालून, एकमेकांस रेटतात. तरण्याबांड गड्याची मानसुद्धां या रेटारेटींत मोडल्याचीं उदाहरणें आहेत. तेव्हां वृद्धांस खेळावयाचें तर नियमांस मुरड घालणें प्राप्तच होतें. प्रौढांच्या रग्बींत स्क्रम बांधतात, पण रेटीत नाहींत. ज्या पक्षाच्या हातीं चेंडू असेल त्याला तो निमूटपणें मिळूं देतात. आणि जपानी क्लबानें याहूनही एक सुबक युक्ति काढली आहे. तेथें गड्याच्या अर्ध्या विजारीचा रंग त्याच्या वयावरून ठरतो. चाळिशींत पांढरा, पन्नाशींत गडद निळा, साठीनंतर तांबडा, सत्तरीनंतर पिवळा आणि ऐंशीनंतर जांभळा. समोरून येणाऱ्या गड्याला कितपत हळुवार धरावयाचें हें पळतां पळतां, एका दृष्टिक्षेपांत कळतें. साठ वर्षें पुरीं झालेल्या माणसास तांबडें वस्त्र घालण्याची जपानांत जुनी चाल आहे. आपल्याकडील साठीशांतीसारखाच तो समारंभ. तांबड्या विजारींत ती चाल सहजच आठवते. आपल्या समाजांत वयाचा मान म्हणजे वृद्धास बसावयास पाट देणें. येथें तो मान वृद्धास धांवूं देण्यांत आहे, एवढाच काय तो भेद.

जपानांत हा खेळ आणला तो कोणा सैनिकानें नव्हे, एका इंग्रजीच्या शिक्षकानें. (आमच्या व्यवसायास असा मान फार थोड्या वेळां मिळतो, म्हणून हें मुद्दाम सांगतों.) एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क हा योकोहामा येथें जन्मलेला व केंब्रिज येथें शिकलेला गृहस्थ टोकियोच्या केइओ विद्यालयांत इंग्रजी शिकवीत असे. शरद ऋतूंत विद्यार्थी नुसते रिकामे हिंडतात हें पाहून त्यानें १८९९ सालीं, केंब्रिजचाच आपला मित्र तानाका गिन्नोसुके याच्या साहाय्यानें, त्यांस रग्बी शिकविली. दोन वर्षांनीं या मुलांनीं योकोहामाच्या परदेशी लोकांशीं पहिला सामना खेळला आणि ते सपाटून हरले. तरी खेळ टिकला, विद्यापीठांतून पसरला, आणि राजघराण्यांतील राजपुत्र चिचिबू यांचा आश्रयही त्याला लाभला. महायुद्धाच्या काळांत इंग्रजी शब्द वर्ज्य ठरले तेव्हां रग्बीचें नांव बदलून 'लढाऊ चेंडू' अशा अर्थाचें एक जपानी नांव तिला देण्यांत आलें. युद्ध संपतांच जुन्या खेळाडूंनीं आपसांत पैसे गोळा करून १९४७ सालीं टोकियोंत नवें मैदान उभें केलें. त्यालाच पुढें राजपुत्र चिचिबूंचें नांव मिळालें. 'फुवाकू' निघाला तो यानंतरच्याच वर्षीं. त्या क्लबांत येणारा चाळीस वर्षांचा माणूस हिशेबानें १९०८ च्या सुमारास जन्मलेला, म्हणजे विद्यापीठांत खेळ शिकलेला तो युद्धापूर्वींच्या सुखाच्या दिवसांत. मधल्या वर्षांत त्याच्या पिढीवर काय गुजरलें तें जगास ठाऊक आहे.

इंग्लंडांत एके काळीं सामना संपला कीं पंच 'नो साइड' असें पुकारीत. म्हणजे आतां बाजू उरल्या नाहींत. या पक्षाचा, त्या पक्षाचा हा भेद मिटला. इंग्लंडांत ही बोली केव्हांच मागें पडली. जपानांत मात्र ती राहिली, आणि नुसती राहिली नाहीं तर सामन्यानंतर वैर विसरून जाण्याच्या वृत्तीचें नांवच 'नो साइड' असें तेथें पडलें. शब्द ज्यांनीं दिला ते विसरले आणि ज्यांनीं घेतला त्यांनीं जपला, असें भाषांच्या इतिहासांत पुष्कळ वेळां घडतें.

आतां प्रश्न असा कीं, जय-पराजयाला दुय्यम लेखून खेळावें ही कल्पना वृद्धांच्याच डोक्यांतून निघाली काय? नाहीं. ती रग्बीच्या रक्तांतच होती, आणि तिची एक खूण आपल्याच देशांत घडली. १८७२ सालीं नाताळच्या दिवशीं कलकत्त्याच्या साहेब लोकांनीं रग्बीचा सामना केला. एका बाजूस इंग्रज, दुसऱ्या बाजूस स्कॉट, आयरिश व वेल्श. त्यांतून १८७३ च्या जानेवारींत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पहिल्या वर्षीं सभासदांची गर्दी लोटली, कारण क्लबांत मद्य फुकट मिळे. तें बंद झालें, बंगालच्या हवेंत हा दमछाक करणारा खेळ सोसेना, पोलो व टेनिस यांकडे लोक वळले. आणि चार-पांच वर्षांत क्लब मोडण्याची पाळी आली. शिल्लक पैशांचें काय करावें? मेजवानी झोडून मोकळें व्हावें ही सूचना सहज सुचणारी होती. परंतु क्लबाचा चिटणीस रॉथनी यानें वेगळी सूचना केली. शिलकेंतील २७० चांदीचे रुपये वितळवून त्यांचा एक चषक घडविण्यांत आला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झांकणावर हत्ती, असें त्याचें सर्वस्वीं हिंदी रूप आहे. तो १८७८ सालीं इंग्लंडच्या रग्बी युनियनकडे पाठविण्यांत आला.

देणाऱ्यांची इच्छा अशी होती कीं, या चषकासाठीं इंग्लंडांतील क्लबांनीं दरवर्षीं स्पर्धा करावी. युनियनच्या चालकांस तें रुचलें नाहीं. क्लबांनीं बक्षिसासाठीं झुंजणें त्यांस सभ्यपणाचें वाटेना; ढाली-चषक आले म्हणजे ईर्ष्या येते, ईर्ष्या आली म्हणजे पैसा येतो, असा त्यांचा तर्क. म्हणून त्यांनीं तो चषक इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्यास लावून दिला. १८७९ च्या मार्चमध्यें एडिंबरो येथें त्यासाठीं पहिला सामना झाला; तो बरोबरींत सुटला! त्या चषकाची पुढील कथा येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९८८ सालीं सामन्यानंतर दोन नामांकित खेळाडूंनीं, एक इंग्रज व एक स्कॉट, मद्याच्या अमलाखालीं तो चषक एडिंबरोच्या रस्त्यावरून चेंडूसारखा लाथाडीत नेला. फुकटच्या मद्यासाठीं जमलेल्या क्लबाच्या रुपयांस शंभर वर्षांनीं मद्यानेंच ही दशा आणली.

युनियनच्या त्या धोरणाचा परिणाम मात्र दूरवर झाला. इंग्लंडांत क्लबांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९८७ पर्यंत नव्हतीच. जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धाही त्याच सालीं न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियांत झाली. तोंवर कांहीं ढाली-चषक सोडले तर क्लबाक्लबांतील बहुतेक सामने स्नेहाचेच. दरसाल ठरलेल्या शनिवारीं ठरलेला शेजारी यावयाचा, खेळावयाचें, मग एकत्र जेवावयाचें. हें चित्र मोठें मनोहर आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकानें त्याची दुसरी बाजू उलटून पाहिली पाहिजे.

ती दुसरी बाजू म्हणजे उत्तर इंग्लंडांतील गिरण्या व खाणी. यॉर्कशायर-लँकेशायरच्या कामकऱ्यांनीं हा खेळ उचलला आणि त्यांत ते साहेबांपेक्षां तरबेज झाले. परंतु सामन्यासाठीं परगांवीं जावयाचें तर शनिवारची मजुरी बुडे. वकिलाचा किंवा व्यापाऱ्याचा मुलगा शनिवारीं गेला काय न गेला काय, त्याच्या जेवणांत अंतर पडत नाहीं. कोळसा खणणाऱ्याच्या मात्र घरचें चुलाण बंद पडतें. म्हणून उत्तरेकडील क्लबांनीं १८९३ च्या सर्वसाधारण सभेंत एवढेंच मागितलें कीं, बुडालेल्या वेळेची भरपाई देण्यास परवानगी असावी. पगार नको, बक्षीस नको. गेलेली मजुरी भरून द्या. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनीं फेंटाळला गेला. 'हौशी खेळाचें पावित्र्य' हा त्या वेळचा मंत्र होता. दोन वर्षांनीं, २९ ऑगस्ट १८९५ रोजीं, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील सुमारें वीस क्लबांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं युनियनशीं काडी मोडून निराळा संघ स्थापिला. त्यांनीं भरपाईची मर्यादा ठरविली ती दिवसास सहा शिलिंग. सहा शिलिंगांसाठीं एका खेळाचीं दोन घरें झालीं; पुढें उत्तरेच्या घरानें पंधराचे तेरा गडी केले, नियम बदलले, आणि दोघांत इतकें वांकडें आलें कीं, एका घरांत खेळलेल्यास दुसऱ्याची पायरी चढण्याची बंदी झाली.

'हौशी' हा शब्द आपण किती निर्मळ समजतों! हौस म्हणजे आवड; पैशाची अपेक्षा न धरितां केलेलें काम. परंतु ज्याला पैशाची ददात नाहीं त्याच्या तोंडीं तो शब्द शोभेचा असतो, आणि ज्याला ती आहे त्याच्या दृष्टीनें तो दाराला लावलेलें कुलूप असतो. शंभर वर्षें युनियननें हें कुलूप किती निष्ठेनें सांभाळलें त्याचें एक उदाहरण पुरे आहे. इंग्लंडचा कप्तान बिल बोमाँट यानें खेळांतून निवृत्त होऊन आत्मचरित्र लिहिलें व त्याचें मानधन घेतलें, तेवढ्यावरून १९८२ सालीं तो धंदेवाईक ठरला आणि खेळाच्या कामकाजास बाहेरचा झाला. स्वतःच्या आठवणी विकणें हाही गुन्हा! हाच गृहस्थ पुढें, २०१६ सालीं, जागतिक रग्बी संस्थेचा अध्यक्ष झाला. कारण मधल्या काळांत जग उलटें झालें होतें. ऑगस्ट १८९५ मधील फुटीस शंभर वर्षें पुरीं होत असतांच, ऑगस्ट १९९५ मध्यें, पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय मंडळानें हौशीपणाचे सर्व निर्बंध उठविले.

त्यानंतर पैसा आला, आणि पैशाबरोबर शरीरें बदललीं. दिवसभर हेंच काम करणारा गडी अधिक वजनदार, अधिक वेगवान झाला. टक्कर अधिक जोराची झाली. याची किंमत काय, हें २०२० च्या डिसेंबरांत जगाला कळलें. २००३ सालीं जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघांतील स्टीव्ह थॉम्पसन हा खेळाडू त्या वेळीं ४२ वर्षांचा होता. वरचेवर डोक्यास बसलेल्या धक्क्यांमुळें आपल्याला अकालीं स्मृतिभ्रंश जडला आहे, आणि तो अजिंक्यपदाचा सामना आपल्याला मुळींच आठवत नाहीं, असें त्यानें सांगितलें. त्याच्यासारखे दुसरेही पुष्कळ पुढें आले व प्रकरण न्यायालयांत गेलें. बोमाँटला आठवणी विकल्याबद्दल शिक्षा झाली. थॉम्पसनजवळ विकण्यास आठवणच उरली नाहीं. चाळीस ते ऐंशी या वयांत जपानी म्हातारे ज्या खेळाचा आनंद भोगतात, त्याच खेळानें एका अजिंक्यवीरास चाळिशी ओलांडतांच भ्रमांत लोटावें! 'फुवाकू' या नांवाचा अर्थ मला येथें फार टोंचतो.

याच काळांत वृद्धांची रग्बी मात्र आडवाटेनें वाढत होती. १९७९ सालीं न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं पस्तीस वर्षांवरील खेळाडूंचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळा भरला. त्याचें नांव 'गोल्डन ओल्डीज', आपल्या भाषेंत 'सोनेरी म्हातारे' म्हणतां येईल. त्यानंतर हा मेळा निरनिराळ्या देशांत भरत गेला. २०१२ सालीं तो फुकुओका येथें भरला, म्हणजे त्या 'उपद्रवी' क्लबाच्या क्यूशू बेटावरच. या मेळ्यांत अजिंक्यपद नाहीं, बाद फेरी नाहीं, चषक नाहीं. एक सामना खेळावयाचा, एक दिवस विसांवा घ्यावयाचा, संध्याकाळीं गाणें व जेवण. एखाद्या पक्षास गडी कमी पडले तर प्रतिपक्ष आपले गडी उसने देतो. १८७८ सालीं युनियनच्या चालकांनीं जें ध्येय पुढें केलें तें, शंभर वर्षांनीं, त्यांच्या नियमांनीं नव्हे तर गुडघ्यांच्या दुखण्यानें साध्य झालें.

आणि येथेंही कुलूप अगदींच नाहीं असें म्हणवत नाहीं. न्यूझीलंड किंवा जपान येथें आठ दिवस खेळावयास जाणें हें पेन्शनीवर गुजराण करणाऱ्या गिरणीकामगाराचें काम नव्हे. प्रवास, निवास, वर्गणी हीं ज्यास झेपतात तोच सोनेरी म्हातारा होतो. आमच्या मुंबईंतही, पावसाळ्यांत जमीन मऊ झाली कीं बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर रग्बी रंगते. पण त्या जिमखान्याचें सभासदत्व हें कधीं रस्त्यावरून जाणाराच्या आवांक्यांतलें नव्हतें, आणि कुंपणाबाहेर उभें राहून पाहणारांचीच संख्या तेथें नेहमीं मोठी. तरी वृद्धांच्या मैदानांत एक फरक आहे तो नाकारतां येत नाहीं. १८९३ च्या सभेंत हौशीपणा दुसऱ्यावर लादला होता. येथें तो ज्यानें त्यानें स्वतःवर घेतला आहे. ज्याला पैसे मिळण्याचा संभवच नाहीं त्याच्यावर हौशीपणाची सक्ति करण्याची कोणास गरजही पडत नाहीं.

राहतां राहिलें उत्तरेचें घर. सहा शिलिंगांसाठीं वेगळे झालेल्या त्या तेरा गड्यांच्या खेळासही कालांतरानें म्हातारपण आलें. त्यांच्या वयस्कांनीं 'मास्टर्स' या नांवानें आपले सामने सुरू केले, आणि तेही न्यूझीलंडांतच, १९९० नंतरच्या दशकांत. त्यांतही गुण मोजीत नाहींत. त्यांतही वयाप्रमाणें निरनिराळ्या रंगांच्या विजारी घालतात. शंभर वर्षें एकमेकांची पायरी न चढलेल्या दोन भावांनीं म्हातारपणीं, जणूं न ठरवितां, एकाच शिंप्याकडे कपडे टाकले. भरपाई आतां दोघांसही कोणी देत नाहीं. उलट खेळावयाचें तर वर्गणी, विम्याचे पैसे आणि सामन्यानंतरच्या जेवणाचा वाटा दोघांसही आपापल्या खिशांतून द्यावा लागतो, आणि त्याला सहा शिलिंग कांहीं पुरत नाहींत.